जोड, दमसास आणि जन्मदाखला

बिदर जिल्ह्यातला औराद तालुका म्हणजे कर्नाटकाचं उत्तरेकडचं टोक. पश्चिमेला लातूरचं उदगीर, उत्तरेला नांदेडचं देगलूर, पूर्वेला तेलंगण. या पट्ट्यात घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी असा कारभार चालतो. पण जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरलं की तिन्ही भाषांत वाद एकाच गोष्टीवरून होतो : जोड बरोबर लावली का?

जोड लावायची रीत जुनी आहे. ऊन कललं की हलगी कडाडते. नांगरून, ढेकळं फोडून, खडे वेचून भुसभुशीत केलेल्या मातीभोवती माणसं गोल धरून बसतात. पोरं लंगोट कसून, शड्डू ठोकत आतून फेरी मारतात. पंचांतला एखादा म्हातारा पहिलवान दोघांना दंडाला धरून मध्ये आणतो, पाठीला पाठ लावून उभं करतो, मनगट दाबतो, मानेवरून हात फिरवतो. मिसरूड फुटलंय का, गळ्याची घाटी वर आलीय का, कान मऊ आहे की मोडलेला, एवढं पाहिलं की त्याचा हिशेब झाला. जन्मतारीख कोणी विचारत नाही. विचारून उपयोगही नसतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी मांडलेली १ जून ही तारीख निम्म्या गावाची जन्मतारीख असते.

मग मैदान वयाच्या पायऱ्यांनी चढत जातं. आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या, त्या सात-आठ वर्षांच्या पोरांच्या. मग नारळाच्या. मग दहा-वीस रुपयांपासून शंभरापर्यंत, पुढे हजारांच्या. दिवस मावळायला आला की शेवटची, चांदीच्या कड्याची किंवा गदेची. ज्या पोरानं रेवडीपासून सुरुवात केली तो कड्यापर्यंत पोचायला दहा-बारा वर्षं लागतात. पोचलेला माणूस तिथे किती वर्षं टिकतो, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

हा प्रश्न याच भूमीत नऊशे वर्षांपूर्वीही पडला होता, आणि त्यावर लेखी विचारही झाला होता. आजचं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी, तीही बिदर जिल्ह्यातलीच. तिथे ११२६ ते ११३८ या काळात राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे, सुमारे ११२९ सालचा. राज्य कसं मिळवावं, कसं टिकवावं इथपासून जेवणात काय असावं, हत्तींची झुंज कशी लावावी, गाणं कसं ऐकावं इथपर्यंत शंभर अध्याय. त्याच्या संगीताच्या भागात मराठीचे जुने नमुने सापडतात म्हणून मराठी अभ्यासकांना तो ओळखीचा. त्यातला ‘मल्लविनोद’ हा भाग मात्र पहिलवानांनी वाचावा असा आहे.

मल्लविनोदात मल्लांची प्रतवारी आहे, आणि ती लावताना वय, अंगाचा बांधा आणि बळ या तीन गोष्टी धरल्या आहेत. कोणी कसला व्यायाम करायचा, कोणते डाव, खायला काय, हेही सांगितलं आहे. राजानं मल्लांना डाळी, मांस, दूध, साखर आणि गोडधोड पुरवावं, आणि त्यांना अंतःपुरातल्या बायकांपासून दूर ठेवावं. म्हणजे आजची तालीम जे करते तेच : खुराक, मेहनत, ब्रह्मचर्य, आणि वयाप्रमाणे जोड. कल्याणीच्या दरबारानं वय आणि बळ एकाच रकान्यात टाकलं नाही, ते वेगवेगळे मोजले, ही त्यातली खरी मेख. वीस वर्षांचा दांडगा आणि तीस वर्षांचा मुरलेला, दोघांचं बळ सारखं दिसलं तरी ते एकाच जातीचे मल्ल नाहीत, एवढं त्या दरबाराला ठाऊक होतं.

दरबार गेले, तालमी राहिल्या. बिदर पुढे बहमनींचं, बरीदशाहीचं आणि शेवटी निजामाचं झालं. हैदराबाद संस्थानाच्या काळात हा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके तेव्हा बिदरमध्ये होते. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत ते मुंबई राज्यात गेले, औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले, आणि पूर्वेचा काही भाग आंध्रात. देवणी जातीच्या गायी मात्र तिन्हीकडे राहिल्या. लग्नसंबंध, बाजार आणि कुस्तीची मैदानंही रेषेच्या दोन्ही बाजूंना पूर्वीसारखीच चालू राहिली.

या पट्ट्यातल्या पोराला मोठं व्हायचं असेल तर वाट जायची ती कोल्हापूरला. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला त्याची ही पुण्याई. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेला गेले, परतताना रोममधलं कलोसियम पाहिलं, आणि कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं. १९१२ मध्ये तिथे उद्घाटनाची कुस्ती झाली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष हा गामाचा धाकटा भाऊ.

गामाचं उदाहरण वय आणि ताकद यांच्या कुठल्याही चर्चेत यायलाच हवं. जन्म १८७८ चा. १९१० साली लंडनमध्ये तो पोलंडच्या स्टॅनिस्लाव झ्बिस्कोशी लढला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. झ्बिस्कोनं जमिनीला पोट लावून अंग धरलं ते सोडलंच नाही. अडीच तासांहून जास्त वेळ गामा त्याला उलटवायला झटत राहिला, आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानं पुन्हा लढायचं ठरलं, पण झ्बिस्को आलाच नाही. मग अठरा वर्षं गेली. १९२८ च्या जानेवारीत पतियाळाला दोघं पुन्हा समोरासमोर आले. दोघंही पन्नाशीला टेकलेले. या वेळी गामानं त्याला एका मिनिटाच्या आत चीत केलं.

ही कथा सांगणारे बहुतेक जण पन्नाशीच्या गामाचं कौतुक करून थांबतात. पण दोन्ही कुस्त्या शेजारी ठेवून पाहिल्या तर त्यातून निघणारं गणित जास्त उपयोगी आहे. बत्तिसाव्या वर्षी त्याच्याकडे अडीच तास पुरेल इतका दम होता. पन्नाशीत त्याच्याकडे एका मिनिटाला पुरेल इतकी ताकद, आणि पहिल्या घासालाच निकाल लावायची अक्कल होती. झ्बिस्कोनं पुन्हा जमीन धरली असती तर काय झालं असतं, ते सांगता येत नाही. गामानं ती वेळच येऊ दिली नाही.

तालमीत याला सरळ शब्द आहेत. ताकद वेगळी आणि दमसास वेगळा. वस्ताद म्हणतो, पोराचं अंग भरलंय पण दम नाही. उतारवयाच्या मल्लाबद्दल तोच वस्ताद म्हणतो, अंगात अजून रग आहे, पण दम तुटतो. शरीरशास्त्राची मापं याच्याशी बरीचशी जुळतात. हृदयाचे मिनिटाला होऊ शकणारे जास्तीत जास्त ठोके वयाबरोबर उतरत जातात, दर दहा वर्षांना साधारण सात. व्यायामानं ही घसरण थांबत नाही. श्रमाच्या वेळी शरीर किती प्राणवायू वापरू शकतं हे मापही तिशीनंतर खाली येतं. बसून काम करणाऱ्यात दहा वर्षांना सुमारे दहा टक्के, नेमानं मेहनत करणाऱ्यात त्याहून कमी. स्नायूंचं निव्वळ बळ मात्र मेहनत चालू असेल तर बरंच उशिरापर्यंत नीट टिकतं. त्यातही आधी जातो तो झटका. वेगानं आकसणारे स्नायुतंतू वयाबरोबर लवकर झिजतात, म्हणून पटात, म्हणजे समोरच्याच्या पायांत, शिरायची चपळाई सर्वांत आधी कमी होते आणि मनगटाची पकड सर्वांत शेवटी. मैदानात म्हातारा पहिलवान हात मिळवतो तेव्हा समोरच्याची बोटं दुखतात ती याचमुळे.

बर्फावरच्या हॉकीतही हेच दिसतं. उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडू अठराव्या वर्षी निवडले जातात आणि बहुतेकांचे चांगले दिवस तिशीच्या आसपास संपायला लागतात. पण गॉर्डी हाव १९७९-८० च्या हंगामात हार्टफोर्डकडून ८० च्या ८० सामने खेळला, १५ गोल केले, आणि हंगाम संपता संपता ५२ वर्षांचा झाला. त्या खेळात माणूस एका वेळी जेमतेम पाऊण मिनिट बर्फावर असतो, सर्वस्व ओततो आणि बाकावर येऊन श्वास घेतो. पाऊण मिनिटाचा खेळ असेल तर म्हातारपण बरंच लांबवता येतं. नियम जेवढी विश्रांती देतात तेवढं वय लपतं.

मातीतल्या जुन्या कुस्तीत विश्रांती नव्हती आणि घड्याळही नव्हतं. निकाली कुस्ती म्हणजे पाठ लागेपर्यंत. अर्धा तास, तास, अंधार पडेपर्यंत. वजनाची अट ढिली. त्यामुळे विशीतल्या पोराला पंचवीस-तिशीचा मल्ल कठीण जायचा. एक तर त्याचं अंग भरलेलं, दुसरं म्हणजे तो घाई करायचा नाही. मान खाली दाबून, वजन टाकून, कब्जा घेऊन तो पोराचा दम काढायचा आणि मग घिस्सा किंवा मोळी मारून संपवायचा. मातीही मदतीला असायची. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या मऊ तांबड्या मातीत पाय रुततात, वेग कमी होतो. वेग कमी झाला की अनुभवाचं माप जड होतं.

या मातीनं सीमाभागाला दिलेलं सर्वांत मोठं नाव हरिश्चंद्र बिराजदार यांचं. गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा. जन्म जून १९५०, म्हणजे त्यांचं गाव तेव्हा हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होतं. ते सहा वर्षांचे असताना तालुका मुंबई राज्यात गेला, दहा वर्षांचे होता होता महाराष्ट्रात आला, आणि लातूर जिल्हा झाला तेव्हा १९८२ उजाडलं होतं. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत ते घडले.

त्यांच्या कारकिर्दीच्या तारखा वयाशेजारी मांडल्या की एक चित्र दिसतं. १९६९ साली, लातूरच्याच अधिवेशनात, ते महाराष्ट्र केसरी झाले. वय एकोणीसच्या आतबाहेर. त्याच्या पुढच्या वर्षी एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक, वय वीस. १९७२ मध्ये रुस्तुम-ए-हिंद, वय बावीस. चार वर्षांत इतकी चढण. आणि ज्या कुस्तीसाठी लोक आजही त्यांचं नाव घेतात ती त्यानंतर पाच वर्षांनी, १९७७ साली, बेळगावात झाली.

समोर होता दिल्लीचा सतपाल. गुरू हनुमानांच्या आखाड्यातला, १९५५ चा जन्म, बाविशीतला. अंगानं भलामोठा, आणि महाराष्ट्रात येऊन एकामागून एक मल्ल लोळवत चाललेला. बिराजदार सत्ताविशीला आलेले. मैदानी कुस्तीत ही पाच वर्षं म्हणजे जवळजवळ एक पिढी. सतपाल चढणीवर होता, बिराजदारांनी शिखर पाच वर्षांपूर्वी गाठलं होतं, असं कागदावर कोणीही म्हटलं असतं. बेळगावच्या मैदानात बिराजदारांनी सतपालला हरवलं. मराठी मुलखात या कुस्तीची गोष्ट अजून सांगितली जाते, आणि सांगताना प्रत्येक जण बिराजदारांचं वय थोडं वाढवतो आणि सतपालचं वजन थोडं वाढवतो.

पुढे सतपालही सत्तावीस वर्षांचे झाले. त्याच वर्षी, १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. दोघांच्याही आयुष्यात सत्ताविसावं वर्ष असं वर यावं हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. त्या वयात अंग पूर्ण भरलेलं असतं, दम अजून उतरलेला नसतो, आणि दहा-पंधरा वर्षांच्या कुस्त्या पाठीशी असतात. तिन्ही गोष्टी एकत्र असण्याचा काळ फार लांब नसतो. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले तेव्हा बावीस वर्षांचे होते. हेलसिंकीला १९५२ मध्ये कांस्यपदक मिळवलं तेव्हा सव्वीस. त्या पदकाच्या वाटेवर जपानच्या शोहाची इशीशी पंधरा मिनिटांची झुंज हरून ते बाहेर आले आणि लगेचच सोव्हिएत मल्लासमोर उभं राहायला सांगितलं गेलं. दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो सांगायला भारताचा अधिकारी जागेवर नव्हता. सव्वीस वर्षांच्या, ऐन भरातल्या मल्लाचाही दम तिथे पुरला नाही. पुढच्या मेलबर्न ऑलिंपिकच्या आधी गुडघा गेला आणि तिशीच्या आसपास त्यांची स्पर्धेतली कुस्ती थांबली.

गुडघा, खांदा, मान. मल्लाचं वय इथे मोजलं जातं. दाखल्यावर पंचवीस वर्षं असली तरी दहाव्या वर्षापासून जोर-बैठका मारणाऱ्या, रोज तीन-चार लढती करणाऱ्या पोराच्या गुडघ्याला पंधरा वर्षं झालेली असतात. विशीत दुखावलेला खांदा हळद-तेलानं आठ दिवसांत बरा होतो. तिशीत तोच खांदा महिना घेतो, आणि तेवढ्या महिन्यात जत्रांचा हंगाम सरून जातो. सीमाभागातला मल्ल वर्षाची कमाई जत्रांच्या चार-पाच महिन्यांत करतो. हंगाम हुकला की खुराकाचे पैसे घरातून काढावे लागतात. दूध, तूप, बदाम, थंडाई हा खर्च शेतकऱ्याच्या घराला सोसवत नाही. म्हणून पुष्कळ पोरं दम जायच्या आधी पैशानं थांबतात. त्यांची कुस्ती तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी सुटते, लग्न होतं, आणि त्यांच्या अंगात किती वर्षांची कुस्ती शिल्लक होती हे कधीच कळत नाही.

काही घरांनी यावर आपली तोड काढली. सोलापूरजवळच्या बोरामणीच्या शेख घराण्यात इस्माईल शेख १९८० साली महाराष्ट्र केसरी झाले, त्यांचे भाऊ आप्पालाल १९९२ मध्ये आणि मुन्नालाल २००२ मध्ये. एका घरात तीन गदा, तिन्हींमध्ये दहा-बारा वर्षांचं अंतर. एका भावाची वर्षं सरायला आली की धाकटा मातीत तयार होत असायचा. खुराकाची, मेहनतीची आणि डावांची शिदोरी घरातच राहिली. कोल्हापूरच्या चौगुलेंच्या घरात हेच बाप-लेकात झालं. दादू चौगुले १९७० आणि १९७१ चे महाराष्ट्र केसरी, त्यांचे चिरंजीव विनोद २००० सालचे.

तोवर खेळ बदलला होता. महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये सुरू झाली, दिनकर दह्यारी पहिले मानकरी, तेव्हा मातीचंच राज्य होतं. पुढे गादी आली. आज गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता यांच्यात गदेची शेवटची लढत होते. आंतरराष्ट्रीय नियमानं कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत आटोपते, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. गुणांवर निकाल. वजनाचा काटा ग्रॅमपर्यंत. जुन्या मल्लाचा जो मोठा आधार होता, समोरच्याला अर्धा तास दाबून त्याचा दम काढायचा, तो आधार सहा मिनिटांत कापला गेला. गादीवर पाय रुतत नाहीत. पहिल्या दहा सेकंदांत पटात शिरणारा पोरगा दोन गुण घेऊन जातो. वेगाचं मोल वाढलं, आणि वेग विशीत जास्त असतो. २०२२ साली साताऱ्यात पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाला आणि कोल्हापूरला दोन दशकांहून जास्त काळानं गदा मिळाली. तो जेमतेम विशीचा होता.

या नियमाला अपवादही आहेत. क्युबाचा मिहाईन लोपेस २००८ ते २०२४ अशा सलग पाच ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन पॅरिसमध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याचं बेचाळिसावं वर्ष संपत आलं होतं. पण तो सर्वांत जड गटात आणि ग्रीको-रोमन प्रकारात खेळायचा. त्यात पायाला हात लावायचा नाही, म्हणजे पट नाही. ज्या डावाला झटका लागतो तोच नसला की वय पुढे ढकलता येतं.

गादीबरोबर जन्मदाखलाही आला. पंधरा वर्षांखालील, सतरा, वीस, तेवीस आणि मग खुला गट, असे वयाचे कप्पे पडले. पस्तिशीनंतर ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धा वेगळ्या, साधारण दर पाच वर्षांचा एक गट. रेवडी-नारळाच्या पायऱ्यांना कागदाचं रूप मिळालं. पण म्हाताऱ्या पंचाच्या डोळ्याला फसवणं अवघड होतं आणि कागदाला फसवणं सोपं आहे. सतरा वर्षांखालच्या गटात एकोणीस वर्षांचा पोरगा उतरला तर त्याचं अंग भरलेलं असतं, समोरच्याचं हाड अजून वाढत असतं. दोन वर्षांचा हा फरक विशीनंतर नगण्य होतो, पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो सगळा निकाल फिरवतो. २०२५ मध्ये भारतीय कुस्ती महासंघानं बनावट जन्मदाखल्यांवरून काही मल्लांना निलंबित केलं. जत्रेतला पंच अशा पोराचे कान आणि मनगट पाहून त्याला सरळ वरच्या जोडीत ढकलायचा.

कड्याची कुस्ती सुटली की पुढे काय, याचंही उत्तर तालमीनं ठरवून ठेवलं होतं : वस्ताद व्हायचं. ज्यांना ते जमलं नाही त्यांचे हाल झाले. मेहनत सुटते, खुराकाची सवय सुटत नाही. दोन हजार बैठका मारणाऱ्याची भूक बैठका थांबल्यावरही तशीच राहते, आणि चाळिशीत पोट, गुडघे, रक्तदाब, साखर हे सगळे पाहुणे एकदम येतात. ज्यांनी रोज मातीत पाय ठेवणं सोडलं नाही त्यांच्यातले काही दीर्घायुषी निघाले. बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे, १९५९ चे पहिले हिंद केसरी, २०२० मध्ये ८६ व्या वर्षी गेले. १९६० चे हिंद केसरी आणि जकार्ता आशियाई स्पर्धेतले सुवर्णविजेते गणपतराव आंदळकर ८३ वर्षं जगले, आणि कित्येक वर्षं कोल्हापुरात पोरं घडवत राहिले.

बिराजदारही वस्ताद झाले. पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरांना शिकवलं. लातूरकडचेच काका पवार त्यांच्या हाताखालून गेले, अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचले, आणि पुढे कात्रजला स्वतःचं कुस्ती संकुल चालवू लागले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे लहानपणी बिराजदारांकडे आला. सप्टेंबर २०११ मध्ये ६१ व्या वर्षी बिराजदार गेले, तेव्हा राहुल एकोणीस वर्षांचा होता, वस्ताद स्वतः महाराष्ट्र केसरी झाले त्याच वयाचा. मग तो काका पवारांकडे गेला.

१२ एप्रिल २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात राहुलनं कॅनडाच्या स्टीवन ताकाहाशीला १५-७ असं हरवून सुवर्ण जिंकलं. वय सव्वीस. त्याच दिवशी ७४ किलोत सुवर्ण मिळवलं सुशील कुमारनं, वय चौतीस. सुशील सतपाल यांचा शिष्य. बेळगावच्या मैदानात भिडलेल्या दोन मल्लांच्या तालमी एकेचाळीस वर्षांनी एकाच दिवशी, एकाच झेंड्याखाली, आठ वर्षांच्या अंतरानं जिंकल्या.

पुढच्याच वर्षी, नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेला भारताचा संघ गेला तेव्हा ५७ किलोची जागा रवी दहियाकडे होती. एकवीस वर्षांचा, सतपाल यांनी उभ्या केलेल्या दिल्लीच्या छत्रसाल आखाड्यातला. सत्ताविशीतला राहुल ६१ किलोत उतरला. तो गट ऑलिंपिकमध्ये नाही. दोघांनाही कांस्यपदक मिळालं. पण टोकियोचं दार ५७ किलोच्याच गटातून उघडत होतं, आणि २०२१ मध्ये त्या दारातून रवी आत गेला आणि रौप्य घेऊन आला. सत्तावीस विरुद्ध बावीसचा बेळगावातला निकाल मातीत, हजारो माणसांसमोर लागला होता. सत्तावीस विरुद्ध एकवीसचा हा निकाल लागला तेव्हा दोघं गादीवर एकमेकांसमोर उभेही नव्हते. वजनाच्या गटांची यादी आणि निवडीचा कागद यांनीच तो ठरवला.